निळ्या वाड्यातलं पाणी

मलेशियात पेनांग बेटावर, जॉर्ज टाउनच्या लीथ स्ट्रीटवर एक निळा वाडा आहे. आकाशी नव्हे, पांढऱ्या कपड्याला नीळ जास्त झाली की चढतो तसा गडद. चुन्याच्या निवळीत खरोखरची नीळ कालवून या भिंती रंगवल्या आहेत. वाडा बांधला गेला त्या काळी ही नीळ भारतातून जहाजानं येत असे.

वाड्याचे मालक चेऑंग फॅट झी १८४० साली चीनच्या क्वांगतुंग प्रांतात, हक्का समाजातल्या गरीब घरात जन्मले. पोरवयातच त्यांनी बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, गाठलं. तिथं आरंभी पाणक्याचं काम केलं, असं सांगतात. पुढे मळे, व्यापार, जहाजं; १८९२ मध्ये चीनमधल्या यंताईला चांगयू ही वाइनची कंपनी; पेनांगमध्ये चीनचं उपवाणिज्यदूतपद. १९१६ साली ते वारले, तेव्हा ब्रिटिश आणि डचांनी ध्वज अर्ध्यावर उतरवले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या या वाड्यात ३८ खोल्या, ५ चौक, ७ जिने आणि २२० खिडक्या आहेत. मी मात्र मधल्या चौकातच रेंगाळलो. सोन्याचा वर्ख दिलेले कोरीव लाकडी पडदे चिनी, बीडाचे खांब ग्लासगोचे, पायाखालच्या नक्षीदार फरश्या इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या. तरी काही उपरं वाटत नाही, कारण सगळं घर या उघड्या चौकाभोवती बसवलं आहे. फंगश्वे या चिनी वास्तुविद्येच्या समजुतीप्रमाणे पाणी म्हणजे लक्ष्मी. म्हणून छपरावरचं पाणी बाहेर न ढकलता पन्हळींतून आत, चौकात आणलं आहे. ते लगेच वाहून जाऊ नये, अशी निचऱ्याची व्यवस्था आहे. त्या दमट उष्ण हवेत चौकाच्या काठाशी उभं राहिलं की ही समजूत अंगाला गार लागते.

धाकटा मुलगा हयात असेपर्यंत घर विकू नये, असं चेऑंग यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. त्यामुळे वाडा हातचा गेला नाही, पण खर्च करणारंही कुणी उरलं नाही. खोल्याखोल्यांत भाडेकरू आले, छपरं गळू लागली. तो मुलगा १९८९ मध्ये वारला. मग वास्तुरचनाकार लॉरेन्स लो, त्यांच्या पत्नी लिन ली लो-लिम आणि काही पेनांगकरांनी मिळून वाडा विकत घेतला.

त्यांच्या जीर्णोद्धाराच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती चुन्यावरची निष्ठा. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. सिमेंटचा गिलावा तिला कोंडून ठेवतो, आणि भिंत आतून सडते. चुना तिला बाहेर सोडतो. छपराच्या कडांवरची फुलं-पाखरं मुद्दाम बनवलेली रंगीत चिनी मातीची भांडी कातरून, तुकडा तुकडा चुन्यात बसवून केलेली असतात. ही कलाही जुन्याच रीतीनं पुन्हा उभी केली. २००० साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाला सर्वोच्च मान मिळाला. आज वाड्यात हॉटेल आहे, आणि वाटाड्याबरोबर तो पाहताही येतो.

मी होतो त्या दुपारी सर आली. वाटाड्या बोलायचा थांबला. चारही बाजूंनी पाणी चौकात उतरू लागलं. निघताना मी बाहेरच्या भिंतीवर बोट फिरवलं, तर बोटाला निळी भुकटी लागली. चुन्याचा रंग असाच झिजतो, आणि दर काही वर्षांनी तो नव्यानं कालवून लावावा लागतो.