वटवाघळांचं घर कसं बदलायचं?

मंडळी, इमारतीतली वटवाघळं पकडून दुसरीकडे नेली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठानं हे करून पाहिलंय.

१९८७ मध्ये तिथली जॉन्सन हॉल ही इमारत जळाली. तिच्या माळ्यावरची वटवाघळं बेघर झाली आणि स्टेडियमच्या फटींत शिरली. खाली बसणाऱ्यांवर लेंड्या आणि मूत! मग १९९१ मध्ये तळ्यासमोर उंच खांबांवर लाकडी घर बांधलं, वटवाघळं पकडून त्यात ठेवली. ती उडून गेली. घर तीनेक वर्षं रिकामं राहिलं. पुढे ती आपण होऊन आली, आणि आज तिथे लाखो आहेत.

म्हणजे उचलून नेणं नव्हे, जुनं दार बंद करणं महत्त्वाचं. पर्यायी घर आधीच जवळ उभं करा. इमारतीच्या बाकी फटी बुजवा. ये-जा करायच्या फटीवर वरून आणि बाजूंनी पक्की, खालून मोकळी अशी जाळी लावा. संध्याकाळी वटवाघूळ जाळीखालून घसरत बाहेर पडतं. परतताना मात्र थेट फटीकडे झेपावतं, खालची वाट त्याला सापडत नाही. काही रात्रींनी आत कुणी नाही हे पाहून तीही फट बुजवा.

पण पिल्लं उडत नसताना हे मुळीच नको. आई बाहेर अडकते, पिल्लं आत उपाशी मरतात. फ्लोरिडात म्हणूनच एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत याला कायद्यानं बंदी आहे.

आणि हो, वड-पिंपळावर लटकणारी आपली मोठी फळखाऊ वटवाघळं अशा घरात येणार नाहीत. ही सोय फटीत राहणाऱ्या किडेखाऊंसाठीच.