दीड लाखांची हजेरी

मार्च २०१२. अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या वर्गातला ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा अभ्यासक्रम इंटरनेटवरून साऱ्या जगाला फुकट खुला केला. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. नावं नोंदवली १,५४,७६३ जणांनी.

या वर्गाची हजेरी घेऊन बघा. एका नावाला तीन सेकंद धरले, तर न थांबता पाच दिवस नऊ तास. तेही ‘हजर सर’ म्हणायला कुणी रेंगाळलं नाही तर. मग शंकासमाधान. माणशी एकच मिनिट द्यायचं आणि मास्तरांनी झोप-जेवण सोडून बसायचं ठरवलं, तरी १०७ दिवस हवेत. अभ्यासक्रमच मुळी चौदा आठवड्यांचा, म्हणजे ९८ दिवसांचा! परीक्षा आटोपली तरी रांग शिल्लक. म्हणून गृहपाठ संगणकानं तपासले आणि बऱ्याच शंका विद्यार्थ्यांनीच एकमेकांच्या सोडवल्या.

शिकवणाऱ्या चमूचे प्रमुख अनंत अगरवाल हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. त्या वेळी एमआयटीच्या सगळ्या विभागांचे मिळून विद्यार्थी होते अकराएक हजार. या एका विषयाला एकट्या भारतातूनच तेरा हजारांवर नावं आली होती.

शेवटी प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. शंभरात पाचही नाहीत. ‘बघा, ऑनलाइन शिक्षणाचा फुगा फुटला’, असं म्हणणाऱ्यांच्या हाती हा आकडा आयताच लागला. मला तो हिशेब पटत नाही. फुकटच्या व्याख्यानाला माणसं डोकावतात, एखादं पान चाळतात, निघून जातात. त्यांना नापास कसं म्हणायचं? खरी गळती सुरुवातीलाच झाली. अभ्यासक्रमाच्या मध्यावरची परीक्षा पार केली ९,३१८ जणांनी. त्या संख्येशी ताडून पाहिलं, तर प्रमाणपत्रवाले चारात तीन निघतात.

आणि ७,१५७ हा आकडा लहान वाटतो तो केवळ दीड लाखाच्या शेजारी बसल्यामुळे. नव्वद मुलांच्या वर्गाला वर्षातून दोनदा हाच विषय शिकवत राहिलं आणि एकही मूल नापास झालं नाही असं धरलं, तरी इतके विद्यार्थी पुरे व्हायला चाळीस वर्षं लागतील. एका प्राध्यापकाची सगळी नोकरी तेवढ्यात संपते. इथं ते एका उन्हाळ्याच्या आत झालं, तेही आधी कधी न वापरलेल्या यंत्रणेवर.

पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ३४० निघाले. नव्वदचा वर्ग धरला, तर जवळजवळ चार वर्ग नुसत्या पूर्ण गुणवाल्यांचे. त्यांत मंगोलियातल्या उलानबातरचा पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगाही होता. एमआयटीनं पुढे त्याला रीतसर प्रवेश दिला.