घशाचा कॅन्सर : रक्तगट बघायचा की एचबी?

तपासणीच्या कागदावर रक्तगट ठळक छापलेला असतो, म्हणून नातेवाईक विचारतात, "ए पॉझिटिव्ह आहे, जास्त धोका आहे का?" प्रश्न वेडगळ नाही. लाल पेशीवर साखरेची एक साखळी असते. ओ गटात ती तशीच राहते. ए गटात तिच्या टोकाला एक साखर जोडलेली असते, बी गटात दुसरी, एबीत दोन्ही. याच साखरा तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरावरही असतात. पेशी कॅन्सरची झाली की टोकाची साखर जोडणारं एन्झाइम बरेचदा बंद पडतं. ती साखर गळते आणि पेशी जागा सोडून सरकायला मोकळी होते. पण हा बदल गाठीतला. रक्तगट आहे तोच राहतो.

मग ए गटाचा रुग्ण कमी जगतो का? अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. पश्चिम युरोपात बी गट थोड्यांचाच. आपल्याकडे ओ आणि बी भरपूर. तिकडचा आकडा इकडे चिकटवण्यात अर्थ नाही.

जगण्यावर खरा परिणाम करतो तो आजाराचा टप्पा. गाठ स्वरयंत्राच्या पट्टीपुरती असताना सापडली, तर दहातले आठ-नऊ जण पाच वर्षं ओलांडतात. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा बघून घ्यावा. खर्रा-बिडी सुटलेली बरी, उपचार सुरू झाल्यावरसुद्धा.

टप्प्यानंतर महत्त्वाचा तो शेक, म्हणजे रेडिएशन. वाढलेल्या आजारात साधारण 35 वेळा, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरच्या माणसाला त्यासाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते, आणि मध्येच पेरणी येते. खाडा झाला की उरलेल्या पेशी वाढतात. एकेका दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण टक्क्याने घटते. राहण्याची सोय आधी लावणं हाही उपचारच.

रक्ताच्या कागदावर बघायचंच तर एचबी, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन, बघा. शेकाला पेशी मारायला ऑक्सिजन लागतो, आणि एचबी कमी असलेल्यांचे निकाल वाईट दिसतात. मात्र एचबी वाढवणारी इंजेक्शनं मागू नका: 2003 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत ती घेणाऱ्यांचा आजार उलट लवकर बळावला. रक्तगट लागतो तो ऑपरेशनच्या वेळी, पिशवी जुळवायला.