अपुऱ्या जागेंत मोठें काम : संगणकाची ओव्हरले पद्धति

संगीत नाटकाच्या रंगमंचावर राजवाडा, अरण्य आणि नदीतीर हीं तिन्ही स्थळें एकाच रात्रीं दिसतात. परंतु त्यांकरितां तीन रंगमंच बांधावे लागत नाहींत. एक पडदा वर जातो, दुसरा खालीं येतो, आणि त्याच जागेंत अरण्याचा राजवाडा होतो. पेटीवाला व तबलजी मात्र नाटक संपेपर्यंत आपल्या जागीं बसून असतात. संगणकाच्या बाल्यावस्थेंत आज्ञावली, म्हणजे यंत्राला क्रमवार द्यावयाच्या आज्ञा, लिहिणाऱ्यांनीं हीच युक्ति योजिली. तिचें नांव ओव्हरले.

संगणकानें एखादी आज्ञा पाळावयाची, तर ती त्याच्या स्मृतींत असावी लागते. तबकडीवर आज्ञा पुष्कळ साठवितां येतात. पण तेथें त्या पेटाऱ्यांत गुंडाळून ठेविलेल्या पडद्यांसारख्या असतात. स्मृतींत आणल्यावांचून त्यांचा उपयोग नाहीं.

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी किल्डॉल यांनीं 'सीपीएम' ही कार्यप्रणाली, म्हणजे लहान संगणकाचा सर्व कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, तयार केली. ती ज्या इंटेल ८०८० प्रक्रियकावर चाले, त्याला स्मृतीचीं फार तर ६५,५३६ घरें ओळखतां येत. एका घरांत एक रोमन अक्षर मावे. त्यांतील कांहीं घरें कार्यप्रणालीच व्यापी. उरलेल्या जागेंत आज्ञावली आणि तिनें हाताळावयाचा मजकूर, हीं दोन्ही बसवावीं लागत.

समजा, एका आज्ञावलीला ७० हजार घरें लागतात. ती सबंध मावणें शक्यच नाहीं. आतां तिचे चार भाग पाडले : सदैव लागणारा मुख्य भाग २० हजारांचा, मजकूर दुरुस्त करण्याचा १५ हजारांचा, छपाईचा २० हजारांचा आणि याद्या लावण्याचा १५ हजारांचा. शेवटचे तीन भाग एका वेळीं कधींच लागत नसतील, तर तिघांना मिळून २० हजारांची एकच जागा पुरते. मुख्य भाग पेटीवाल्याप्रमाणें बसून राहतो आणि ज्या भागाचें काम पडेल तो तबकडीवरून आणवितो. नवा भाग जुन्याच्या जागेवर लिहिला जातो; जुन्याची मूळ प्रत तबकडीवर असतेच. ७० हजारांचें काम असें ४० हजारांत भागतें. मात्र एखाद्या भागानें केलेला हिशेब पुढें लागणार असेल, तर तो आधींच मुख्य भागांत ठेवावा लागतो.

धोका याच्या पुढें होता. छपाईच्या भागानें मध्येंच दुरुस्तीच्या भागाला हांक मारली, तर दुरुस्तीचा भाग छपाईच्याच जागेवर येऊन बसे. काम आटोपून परत फिरावें, तों परतण्याचें ठिकाण पुसलें गेलेलें असे. तेथें भलत्याच आज्ञा असत, यंत्र त्या निमूटपणें पाळी, आणि तासाभर लिहिलेला मजकूर धुळीस मिळण्याची वेळ येई.

'वर्डस्टार' ही लेखनाची आज्ञावली १९७८ सालीं बाजारांत आली. तिच्या तिसऱ्या आवृत्तींत मुख्य भागाबरोबर तबकडीवर दोन ओव्हरले असत. त्यांपैकीं एक वाचकाला द्यावयाच्या सूचनांचा होता. तबकडी मध्येंच काढून घेतली, तर हवा असलेला भाग यंत्राला सांपडत नसे. सीपीएमनें तर हा नियम स्वतःलाही लावला होता. वापरणाऱ्याच्या आज्ञांचा अर्थ लावणारा तिचा भाग आपली जागा आज्ञावलीला देऊं शके, आणि काम संपल्यावर तबकडीवरून पुन्हा आणला जाई.

मनुष्याचें हें ओझें यंत्रावर टाकण्याचा मार्ग त्यापूर्वींच सांपडला होता. इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उभारलेल्या ॲटलास संगणकाचें उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजीं झालें. त्याच्या जलद स्मृतींत १६,३८४ संगणकी शब्द मावत, आणि मागें फिरत्या ढोलांवर ९८,३०४ शब्दांची जागा होती. आज्ञावलीचीं ५१२ शब्दांचीं पानें पाडलेलीं असत. हवें असलेलें पान स्मृतींत नसेल, तर यंत्र स्वतःच तें ढोलावरून आणी, आणि जागा करण्यासाठीं कोणतें पान काढावयाचें हेंही स्वतःच ठरवी. परंतु त्याला निराळी यंत्ररचना लागे. लहान संगणकांत ती नव्हती. १९८५ सालच्या इंटेल ८०३८६ प्रक्रियकांत ती आली, आणि पुढें घरगुती संगणकांतून ओव्हरलेची गरज हळूहळू सरली.

ओव्हरलेनें स्मृतीचें एक घरही वाढविलें नाहीं. कोणतीं दोन कामें एका वेळीं कधींच पडणार नाहींत, हें आधीं ओळखणें एवढेंच तिचें भांडवल होतें. तें ओळखण्यांत मनुष्य चुकला, तर यंत्र त्याला सावध करीत नसे.