तारीख एकदाच लिहा

वाचनालयाच्या संकेतस्थळावर ‘आगामी कार्यक्रम’ या मथळ्याखाली गेल्या पावसाळ्यातले व्याख्यान दिसले की वाईट वाटते. कार्यक्रम होत असतात, माणसे राबत असतात. पान बदलायला तेवढी कोणाला सवड नसते. खरे तर ते पान हाताने बदलायची गरजच नाही. पुढच्या तारखा चिटणीसांच्या मोबाइलमधल्या कॅलेंडरात आधीच नोंदलेल्या असतात.

हे कॅलेंडर फाइल म्हणून बाहेर काढता येते. तिच्या नावाशेवटी ‘आयसीएस’ असते. हा साचा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. आयकॅलेंडर हे खुले मानक १९९८ साली जाहीर झाले, २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि गूगल, ॲपल, आउटलुक या सगळ्यांना ते वाचता येते. फाइल साध्या मजकुराची, नोटपॅडमध्येही उघडते. ‘डीटीस्टार्ट’पुढे सुरुवातीची वेळ, ‘समरी’पुढे कार्यक्रमाचे नाव, ‘लोकेशन’पुढे स्थळ. ८ नोव्हेंबर २०२६, संध्याकाळी साडेसहा ही वेळ तिथे ‘२०२६११०८टी१८३०००’ अशी दिसते.

संकेतस्थळावरच्या छोट्या प्रोग्रॅमने ही फाइल वाचायची, आजच्या पुढचे कार्यक्रम निवडायचे, तारखेप्रमाणे लावायचे आणि पहिले पाच दाखवायचे. होऊन गेलेला कार्यक्रम आपोआप गळतो.

बारकावे मात्र सांभाळावे लागतात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारची बैठक फाइलमध्ये एकदाच असते, सोबत ‘आररूल’चा नियम. तो उलगडला नाही, तर बैठक पहिल्या तारखेलाच अडकते आणि जुनी म्हणून यादीतून जाते. दिवसभराच्या कार्यक्रमात शेवटची तारीख म्हणून पुढचा दिवस लिहिलेला असतो. ते ध्यानात न घेतल्यास तीन दिवसांचे शिबिर पानावर चार दिवसांचे होते.

मराठी मजकुराची अडचण निराळी. मानकाप्रमाणे एक ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे पंचवीसेक चिन्हांत ओळ मोडते आणि पुढची ओळ एक जागा सोडून सुरू होते. प्रोग्रॅमने आधी ओळी जोडल्या नाहीत, तर व्याख्यानाचे नाव मध्येच तुटते.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी वेळेचा विभाग तपासावाच. न्यू जर्सीत संध्याकाळी सहाला सुरू होणारा कार्यक्रम ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे साडेतीनला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की साडेचारला.

एकदा काढलेली फाइल म्हणजे त्या क्षणाची प्रत. नंतर रद्द झालेला प्रयोग तिच्यात तसाच राहतो. म्हणून कॅलेंडरचा सार्वजनिक आयकॅल पत्ता घेऊन सर्व्हरने दर तासाला ताजी प्रत आणावी, हे मला उत्तम वाटते. मात्र संस्थेचे कॅलेंडर वेगळे ठेवा आणि खासगी पत्ता पानावर कधीच टाकू नका. तो ज्याच्या हाती लागेल, त्याला सगळ्या नोंदी दिसतात.

एक काम तरीही माणसाकडेच राहते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. ‘दरवर्षी’ या पर्यायाला तिथी कळत नाही. सणांच्या तारखा वर्षातून एकदा पंचांग उघडून हातानेच भराव्या लागतात.