दोन चढांचा आलेख

हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा, म्हणजे मान, काख, जांघ अशा ठिकाणी राहून शरीराला रोगजंतूंपासून राखणाऱ्या ग्रंथींचा, कर्करोग असून १८३२ साली लंडनमध्ये टॉमस हॉजकिन यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. मानेवर न दुखणारी गाठ येते, तिचा तुकडा तपासताना घुबडाच्या डोळ्यांसारखी जोडकेंद्रके असलेली मोठी पेशी आढळते, आणि रोग ओळखला जातो.

बहुतेक कर्करोगांचा मृत्युदर वयाबरोबर चढत जातो. अमेरिकेतील हॉजकिनच्या आलेखात मात्र विशी-तिशीच्या सुमारास एक चढ, मग उतार आणि उतारवयात दुसरा चढ दिसे. यावरून साथरोगशास्त्रज्ञ ब्रायन मॅकमॅहन यांनी १९५७ साली असे मांडले की एकाच नावाखाली एकाहून अधिक रोग वावरत असावेत आणि तरुणांमधील रोगामागे संसर्ग असावा. १९६८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह देशभरातील मृत्यूंचा प्रदेशवार पडताळा घेतला, तेव्हा तरुणांमधील मृत्युदर दक्षिणेकडील, तुलनेने गरीब राज्यांत उत्तरेपेक्षा कमी आढळला. सुखवस्तू, आटोपशीर कुटुंबांत एखादा सामान्य संसर्ग बालपणी न होता उशिरा होतो आणि म्हणूनच तो बाधतो, असा तर्क त्यातून बळावला. लहानपणी बहुधा निमूटपणे होऊन जाणाऱ्या एप्स्टाइन-बार विषाणूचा काही रुग्णांतील रोगाशी असलेला संबंध पुढे दिसून आला. हा संसर्ग बहुधा लहानपणीच होणाऱ्या भारतात हा रोग लहान मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, तुलनेने अधिक आढळतो, हेही या तर्काशी जुळणारेच आहे.

मृत्यूच्या नोंदींतून रोगाच्या मुळाविषयी इतके काही वाचता आले, याचे कारण मात्र खिन्न करणारे आहे: रोग झालेला बहुधा दगावतच असे, त्यामुळे मृत्यूंची मोजदाद जवळजवळ रुग्णांचीच मोजदाद ठरे. स्टॅनफर्डमध्ये हेन्री कॅप्लन यांनी विकसित केलेली किरणोपचार पद्धती आणि १९६० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा व सहकाऱ्यांनी योजलेली चार औषधांची केमोथेरपी यांनी हे समीकरण मोडले. अमेरिकेत १९७५ मध्ये लाखामागे सुमारे १.३ असलेला वार्षिक मृत्युदर अलीकडे ०.३ च्या आसपास उतरला आहे. तरुण वयातला चढ जवळपास सपाट झाला, तो रोग होईनासा झाला म्हणून नव्हे, तर रुग्ण वाचू लागले म्हणून. वृद्धांना तीव्र औषधे सोसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडचा चढ टिकून आहे. आजचा आलेख रोगाच्या मुळापेक्षा उपचारांच्या पोहोचीविषयी अधिक बोलतो.

तो तेही पुरते बोलत नाही. छातीवर घेतलेल्या किरणांचे मोल काहींना वीस-तीस वर्षांनी हृदयविकाराच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या रूपाने चुकवावे लागते, आणि मृत्यूच्या आकडेवारीत दाखल्यावरचे एकच मूळ कारण धरले जात असल्याने, विशीत हॉजकिनमधून बरा झालेला आणि पन्नाशीत हृदयाच्या झटक्याने गेलेला माणूस हृदयविकाराच्या रकान्यात जमा होतो.