राजांच्या याद्या आणि पाषाणाची साक्ष

प्राचीन ग्रंथांत ज्यांची नावे येतात ते राजे खरोखरच होऊन गेले काय, हा वाद जुना असून तो कोणत्याही एका धर्माचा वा देशाचा नाही. बायबलमधील दावीद राजाच्या अस्तित्वाविषयी बराच काळ संशय व्यक्त होत असे. १९९३ साली इस्राएलमधील तेल दान येथे सापडलेल्या लेखात 'दाविदाचे घराणे' ही अक्षरे बहुतेक विद्वानांनी वाचली आणि त्या संशयाचा जोर ओसरला. त्याचा पुत्र शलमोन मात्र अद्याप एकाही समकालीन लेखात आढळलेला नाही. नाव सिद्ध होणे वेगळे आणि त्या नावाभोवतीची कथा सिद्ध होणे वेगळे, हा या वादाचा खरा धडा होय. तोच धडा गिरवावयाचा, तर मराठी वाचकाला यरुशलेमपर्यंत जाण्याचे कारण नाही; जुन्नरचा नाणेघाट त्यासाठी पुरेसा आहे.

पुराणांत 'आंध्र' राजांची वंशावळ दिलेली आहे. मत्स्यपुराण तीस राजे आणि सुमारे साडेचारशे वर्षे सांगते, तर वायुपुराणाच्या पोथ्यांत नावेही कमी आणि वर्षेही कमी. पहिल्या राजाच्या नावावरही एकमत नाही. कोठे शिशुक, कोठे सिंधुक, कोठे शिप्रक. अशा याद्या कल्पित ठरवून बाजूला सारणे सोपे होते. तथापि नाणेघाटातील लेण्याच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि त्यांच्या वरच्या बाजूस नावे होती. प्रतिमा नष्ट झाल्या, नावे उरली. त्यांत पहिले नाव 'राया सिमुक सातवाहन' असे असून पाठोपाठ देवी नागनिका आणि राजा सातकर्णी यांचा निर्देश आहे. पोथ्यांत नाना रूपे धारण केलेला शिशुक तो हाच, हे उघड झाले. पुराणांतील दुसरा राजा कृष्ण हा नाशिकच्या लेण्यात 'कण्ह' म्हणून भेटतो. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञश्री यांची तर लेखांबरोबर नाणीही उपलब्ध आहेत.

म्हणजे पुराणे खरी ठरली, असा निष्कर्ष काढण्याची मात्र घाई होऊ नये. ज्या घराण्याला पुराणे आंध्र म्हणतात, ते स्वतःच्या लेखांत स्वतःस सातवाहन म्हणवते. शिवाय खरा मतभेद काळाविषयी आहे. पुराणांतील मोठा आकडा धरला तर सिमुक मौर्यकाळातच, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात जातो. पण त्याच पुराणांतील कण्वांचा उच्छेद त्याने केला ही माहिती धरली तर तो इ. स. पूर्व पहिल्या शतकात येतो. अक्षरांच्या वळणावरून ब्यूलरने नाणेघाटाचे लेख इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानले, तर दिनेशचंद्र सरकार यांनी ते पुढच्या शतकात आणले. एकाच घराण्याच्या आरंभाविषयी दोन शतकांचे अंतर पडते, ते असे.

लोकपरंपरेची कथाही अशीच आहे. इ. स. ७८ पासून चालणारा शक पैठणच्या शालिवाहनाने सुरू केला, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. परंतु गौतमीपुत्राचे नाशिकचे लेख त्याच्या राज्यवर्षांत मोजलेले आहेत, आणि शालिवाहनाचे नाव त्या कालगणनेला कित्येक शतकांनंतर जोडले गेले. परंपरेने राजा जपला, पण कार्य दुसऱ्याचे त्याच्या नावे लावले.

या गुंत्यात जुन्नरचा एक छोटा लेख मोलाचा ठरतो. मानमोडीच्या डोंगरातील लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये केलेल्या दानाची नोंद आहे. हे ४६ शककालाचे मानले तर इ. स. १२४ येते, राज्यवर्ष मानले तर नहपान पहिल्या शतकात जातो, आणि त्या शतकातील ग्रीक व्यापारी वृत्तांताशी ते जुळते. या एका आकड्याच्या अर्थावर गौतमीपुत्राचाही काळ हलतो. कारण १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेली तेरा हजारांवर नाणी नहपानाची असून त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. जेत्याने पराजिताचे चलन चालू ठेवले, पण ते आपल्या नावाने. एवढा स्पष्ट पुरावा कोणत्याही प्रशस्तीत मिळत नाही.

तेव्हा अशा वादांचा निर्णय आवेशाने नव्हे, तर मातीतून निघणाऱ्या वस्तूंनी होणार आहे. आणि नेमके येथेच आपले धोरण अपुरे पडते. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्यास सांगतो. तो ठेवा सरकारने घेतल्यास भरपाई म्हणून धातूची किंमत आणि तिचा एक-पंचमांश एवढीच रक्कम ठरलेली आहे. सातवाहनांची पुष्कळशी नाणी शिशाची वा हलक्या मिश्रधातूची. त्यांच्या धातूचे मोल ते किती! ज्या नाण्याने राजाचा काळ ठरावयाचा, ते कळविणाऱ्या शेतकऱ्यास वाहनखर्चही सुटत नाही. उलट संग्राहकांच्या बाजारात त्याला बरी किंमत येते. माणूस तोट्याचा व्यवहार स्वेच्छेने करीत नाही, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र कायदा करणाऱ्यांनी विचारात घेतलेले नाही.

नाणे बाजारात गेले म्हणजे केवळ वस्तू जात नाही. ते कोणत्या थरात, कशाच्या सोबत होते, ही माहिती कायमची जाते. आणि कालनिर्णय त्या माहितीवरच अवलंबून असतो. आंबेगाव तालुक्याला ज्याचे नाव आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाची गरज नाकारता येणार नाही. परंतु पाणी चढण्यापूर्वी, पाया खणण्यापूर्वी जमीन काय सांगते ते नोंदवून घेणे हे विकासाच्या खर्चातील एक रीतसर कलम असावयास हवे. भरपाई धातूच्या भावाने न देता पुराव्याच्या मोलाने द्यावी, आणि जुन्नर-आंबेगावातील शिक्षकांना व ग्रामपंचायतींना अशा वस्तूंची प्राथमिक नोंद करण्याचे शिक्षण द्यावे, या दोन गोष्टी आवाक्याबाहेरच्या नाहीत. सिमुकाच्या अस्तित्वाची साक्ष दोन हजार वर्षे घाटातल्या वाऱ्यापावसात टिकली. पुढची साक्ष बहुधा कोणाच्या तरी नांगराच्या फाळाला लागेल. ती कोठे पोहोचावी, हे मात्र आजच्या कायद्यावर अवलंबून राहील.